मूल स्वमग्न आहे असं कळल्यावर: खान्देशातल्या आईबापांसाठी

दीड-दोन वर्षांचं मूल नावाने हाक मारली तर वळून बघत नाही, पण शेजारच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की धावत येतं. घरचे म्हणतात, कान तर ठीक आहेत, मग कशाला काळजी? त्यात आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं आहे: "याना बापबी उशिराच बोलना व्हता." मग एक आखाजी जाते, दुसरी जाते, आणि मूल चार वर्षांचं झाल्यावर शाळेतल्या बाई सांगतात की काहीतरी वेगळं आहे. माझ्या मुलाच्या निमित्ताने मी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या पुष्कळ आयांशी बोलले. बहुतेकींना शंका पहिल्यांदा स्वतःलाच आलेली होती. पण घरात कोणी ऐकलं नाही, किंवा कुठे जायचं ते माहीत नव्हतं.

म्हणून नव्याने या वाटेवर आलेल्या घरांसाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की थेरपिस्ट आठवड्यातून एखादा तास भेटेल, तोही एसटीचा प्रवास करून. बाकी सगळा वेळ मूल तुमच्यापाशी आहे. तेव्हा खरं काम घरातच होणार, आणि तुमच्या घरच्या बोलीत होणार. तालुक्याच्या गावी थेरपी सेंटर नाही म्हणून मुलाचं काही होणार नाही, असं मानून बसू नका.

शंका कधी घ्यायची

वर्षाचं मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर तपासणी करायची. आणि आलेले शब्द किंवा हसणं-खेळणं कुठल्याही वयात हरवलं, तर अजिबात थांबायचं नाही. काही मुलं सव्वा-दीड वर्षाची होईपर्यंत 'मामा, काका' म्हणतात आणि मग हळूहळू गप्प होतात. हेही ऑटिझममध्ये, म्हणजे स्वमग्नतेत, होतं.

बोलण्यापेक्षाही मी बोटाकडे बघायला सांगते. दारातून बैलगाडी गेली की वर्ष-सव्वा वर्षाचं मूल बोट दाखवतं आणि लगेच मागे वळून आईच्या तोंडाकडे बघतं. 'तूही बघितलंस ना?' हा त्या बघण्याचा अर्थ असतो. स्वमग्न मूल हवी ती वस्तू मिळवण्यासाठी तुमचं मनगट धरून ओढेल, पण निव्वळ दाखवण्यासाठी बोट करणार नाही, किंवा फार क्वचित करेल. खेळण्यातली गाडी जमिनीवर चालवण्याऐवजी तिचं चाकच फिरवत बसणं, टाचा उचलून चालणं, हात फडफडवणं, डबे-चपला ओळीत लावणं, मिक्सर सुरू झाला की कान झाकून ओरडणं अशा गोष्टीही दिसतात. यातली एखादीच गोष्ट असेल तर लगेच घाबरू नका. बऱ्याच एकत्र दिसत असतील तर दाखवा.

मुलींच्या बाबतीत जास्त सावध राहा. निदान मुलग्यांमध्ये जास्त होतं हे खरं, पण मुलगी गप्प बसली की आपण तिला 'शहाणी', 'लाजाळू' म्हणतो आणि वर्षं निघून जातात.

पहिले काही आठवडे: कुठे जायचं

सगळ्यात आधी कानांची तपासणी. मुलाला ऐकू येतंय असं वाटत असलं तरी ओएई आणि बेरा या चाचण्या करून घ्या. बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि गाडीत डुलकी लागू देऊ नका.

सरकारी वाट अशी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. पथक आलं की मूल घेऊन जा आणि शंका स्वतः सांगा, कारण पाच मिनिटांच्या तपासणीत ऑटिझम सहज नजरेतून सुटतो. पथक मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. सगळे त्याला डीईआयसी म्हणतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, स्पीच आणि फिजिओथेरपी एका छताखाली मिळावी अशी रचना आहे, आणि तिथले उपचार मोफत असतात. पथकाची वाट बघायची गरज नाही, आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगून थेट चिठ्ठी मिळते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथले बालरोग आणि मानसोपचार विभागही निदानासाठी उपयोगी पडतात.

जाताना मोबाइलमध्ये मुलाचे दोन-तीन छोटे व्हिडिओ घेऊन जा: एकटं खेळताना, तुम्ही हाक मारताना, इतर मुलांमध्ये असताना. अनोळखी खोलीत मूल एकतर गोठतं किंवा रडतं, आणि डॉक्टरांना घरचं मूल दिसतच नाही.

ऑटिझम रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. मुलाचं निरीक्षण आणि आईबापांशी सविस्तर बोलणं यातूनच निदान होतं. झटके येत असतील किंवा डॉक्टरांना दुसरी काही शंका असेल, तेव्हा त्या तपासण्या लागतात. आपल्या देशात प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही मोजपट्टी वापरतात. तिच्यात 40 मुद्दे असतात, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 70 च्या आत आली तर ऑटिझम धरत नाहीत, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम आणि त्यावर तीव्र. हा आकडा आज मुलाला किती मदत लागते ते सांगतो. मूल पुढे काय होईल, ते त्यातून कळत नाही.

निदानाची तारीख लांब मिळाली तरी घरचं काम त्याच दिवशी सुरू करा. निदान चुकीचं ठरलं तरी त्या कामाने कुठल्याच मुलाचं नुकसान होत नाही.

कोणाचा दोष?

कोणाचाच नाही. गरोदरपणी ग्रहण बघितलं, नोकरीला गेली, मोबाइल दिला, लस टोचली, यातल्या कशानेही ऑटिझम होत नाही. लसीचा संबंध जोडणारा 1998 सालचा शोधनिबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने 2010 साली मागे घेतला, आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांत असा संबंध कुठेच सापडला नाही. मेंदूची घडणच जन्माआधीपासून वेगळी असते आणि त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. तासन् तास मोबाइल दिल्याने माणसांशी खेळण्याचा वेळ मात्र जातो, म्हणून तो कमी करायचा. सासरच्यांनी सुनेला बोल लावण्याचं तर काही कारणच नाही, आणि हे घरातल्या पुरुषाने स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

घरचं काम: रोज, थोडं थोडं

जागतिक आरोग्य संघटनेचा आईबापांसाठीचा एक प्रशिक्षण कार्यक्रम आहे. तो सगळा घरातल्या खेळावर आणि रोजच्या कामांवर उभा आहे: अंघोळ, जेवण, कपडे. गोवा आणि रावळपिंडी इथे तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईबापांना मुलाशी कसं खेळायचं ते दाखवलं. त्याचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. आईबाप मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुलं स्वतःहून जास्त पुढाकार घेऊ लागली, असं त्यात दिसलं. म्हणजे हे काम साध्या घरात होतं.

सुरुवात अशी करा. दिवसातून दोन वेळा, दहा-पंधरा मिनिटं, टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. जमिनीवर बसा, मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्याला शिकवायला जाऊ नका. ते जे करतंय त्यात शिरा. ते झाकण फिरवतंय? तुम्हीही दुसरं झाकण घेऊन फिरवा. ते थांबलं की तुम्ही थांबा. थोड्या वेळाने ते तुमच्या झाकणाकडे बघेल, मग तुमच्याकडे. ती नजर मिळाली की हसा आणि पुन्हा फिरवा. पहिले कित्येक दिवस एवढंच घडेल. ते पुरेसं आहे.

मागणी करण्याची संधीही दिवसभर मिळते. समजा मुलाला केळीचे वेफर्स आवडतात. आपण वाटी भरून पुढे ठेवतो आणि स्वयंपाकाला लागतो. त्याऐवजी वाटी तुमच्या हातात ठेवा. एक वेफर द्या. मूल तुमचं मनगट ओढेल. ओढू द्या. दुसरा वेफर तुमच्या चेहऱ्याजवळ धरा, "दे" म्हणा आणि थांबा, मनात दहापर्यंत मोजत. हे थांबणंच आपल्याला जड जातं, तिसऱ्या आकड्याला आपण पुन्हा बोलतो किंवा देऊन टाकतो. त्या दहा आकड्यांत मूल एकदा डोळ्यांकडे बघेल, हात पुढे करेल, 'द' असा आवाज काढेल. यातलं काहीही आलं की लगेच द्या. काहीच आलं नाही तरी द्या. रडवून बोलायला लावायचं नाही. आणि हा खेळ पाण्याच्या पेल्यावर कधी करू नका, मे महिन्यात तर मुळीच नाही.

बोली कुठली? तुमच्या घरात जी आहे ती. हे मी ठासून सांगते, कारण कित्येक घरांना 'अहिराणी बंद करा, फक्त मराठी बोला' किंवा 'फक्त इंग्रजी बोला' असा सल्ला मिळतो. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात आढळलेलं नाही. उलट आईच परक्या भाषेत अडखळत बोलली, तर ती कमी बोलते, आणि आजीचं बोलणं तर बंदच होतं. आजी "आठे ये" म्हणत असेल तर तसंच म्हणू द्या. लेवा घरात "इकळे ये" चालेल, नंदुरबारकडे भिली किंवा पावरी चालेल. फक्त वाक्यं छोटी ठेवा. "अरे बाळा, चल बरं लवकर, हातपाय धुऊन जेवायला बस बघू" यातलं मुलाला काही पकडता येत नाही. "जेवाले चाल" हे पकडता येतं. एका गोष्टीला घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा.

जे मूल बोलत नाही त्याच्यासाठी चित्रं काढा, म्हणजे खरं तर फोटो. तुमच्याच घरचा माठ, तुमचीच ताट-वाटी, संडास, मोटारसायकल, झोका यांचे फोटो मोबाइलवर काढून छापून घ्या, चिकटपट्टी लावून पुठ्ठ्यावर डकवा आणि त्या-त्या जागी अडकवा. माठाजवळ माठाचा फोटो. मूल ओढायला लागलं की त्याचा हात फोटोवर न्या, "पानी" म्हणा, पाणी द्या. पुढे मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप वापरता येईल, त्यात मराठीही आहे. चित्रं वापरली तर मूल बोलायचंच नाही, ही भीती सगळ्यांना वाटते. तसं होत नाही, चित्रांनी बोलायला मदतच होते. आणि जे मूल कधीच तोंडाने बोलणार नाही, त्यालाही आपलं म्हणणं सांगता आलं पाहिजे. 'पोट दुखतंय' हे सांगता न येणारं मूल डोकं आपटतं.

दिवसाचा क्रमही असाच फोटोंनी भिंतीवर लावा: उठणं, दात, अंघोळ, न्याहारी, खेळ. झालेला फोटो उलटा करायचा. पुढे काय आहे हे कळलं की या मुलांची निम्मी घालमेल थांबते.

ओरडणं, आपटणं, अंगावर घेणं

हट्ट आणि मेल्टडाउन यांत फरक आहे. हट्टात मूल तुमच्याकडे चोरून बघतं आणि वस्तू मिळाली की शांत होतं. मेल्टडाउनमध्ये त्याला स्वतःलाच थांबता येत नाही, वस्तू दिली तरी नाही. तेव्हा मारू नका, दटावू नका, समजावूही नका, त्या वेळी शब्द आत जात नाहीत. गर्दी हटवा, उजेड आणि आवाज कमी करा, डोकं आपटत असेल तर मध्ये उशी किंवा हात धरा आणि शेजारी बसून राहा. संपल्यावर पाणी द्या. मग वहीत लिहा: आधी काय झालं होतं, किती वाजता, जेवलं होतं का, झोप झाली होती का. काही दिवसांत कारण कागदावर दिसायला लागतं. वागणं अचानक बिघडलं तर आधी दात, कान आणि बद्धकोष्ठ तपासून घ्या.

कारणं पुष्कळदा कानात आणि कातडीवर असतात. आपल्या भागातली लग्नसराई आणि डीजे या मुलांसाठी फार कठीण. कानबाईचं तर विचारूच नका. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात सगळे भाऊबंद, रात्रभर गाणी, सकाळी वाजतगाजत विसर्जन, वर घराची सगळी मांडणी बदललेली. मुलाला बाहेर पाठवून देणं हा मला उपाय वाटत नाही, तो सण त्याचाही आहे. मागल्या वर्षीचे फोटो आठवडाभर आधीपासून दाखवा. मागची एक खोली त्याच्यासाठी मोकळी ठेवा आणि पाहुण्यांच्या पिशव्या तिथे येऊ देऊ नका. कान झाकणारे हेडफोन जवळ ठेवा. दिवसभर त्याच्याकडे बघायला एक माणूस ठरवून द्या, आणि तो माणूस आई नसावा, कारण रोटाचं दळण आणि स्वयंपाक तिच्याकडे असतोच. मूल पाच मिनिटं कानबाईसमोर येऊन बसलं तरी चांगलं झालं.

केस कापणं हे दुसरं मोठं संकट. मशीन बंद ठेवून आधी हातात द्या. दुसऱ्या दिवशी लांबवर सुरू करून बंद करा. मग त्याच्या हाताला, मग खांद्याला लावा. मानेपर्यंत यायला आठवडे लागतील. तोवर झोपेत कात्रीने कापा. चौघांनी धरून कापले तर पुढच्या वेळी आठ जण लागतात.

उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा आणखी एक ध्यानात ठेवा: काही मुलांना तहान किंवा ऊन जाणवतच नाही, किंवा सांगता येत नाही. पाणी घड्याळ बघून पाजा. जाड रुमाल सहन होत नसेल तर जुना धुऊन मऊ झालेला सुती पंचा चालतो का बघा, कपड्यांची आतली लेबलं कापून टाका. लाइट जाण्याची वेळ माहीत असेल तर फोटोंच्या क्रमात तीही लावा.

जेवण आणि झोप

फक्त पांढरा भात, फक्त पारले बिस्किट, अशी मुलं खूप असतात. जबरदस्ती केली तर आहे तेही बंद होतं. त्याच्या आवडीच्या पदार्थाशेजारी भरीत किंवा डाळ चिमूटभर ठेवा, खाल्लं नाही तरी चालेल. आधी ताटात सहन होईल, मग हात लावेल, मग वास घेईल. माती, चुना, खडू खात असेल तर रक्तातलं लोह तपासून घ्या. झोप फारच बिघडलेली असेल तर डॉक्टरांशी बोला, त्यावर उपाय आहेत.

विहीर, पाट आणि फवारणीचं औषध

हा भाग कृपा करून दोनदा वाचा. स्वमग्न मुलं न सांगता निघून जातात, आणि त्यातल्या पुष्कळांना पाण्याची विलक्षण ओढ असते. भटकलेल्या स्वमग्न मुलांच्या मृत्यूंमागे बुडणं हे मोठं कारण आहे. आपल्या मळ्यांमध्ये कठडा नसलेल्या विहिरी आहेत, शेततळी आहेत, कालव्याचे पाट वस्तीलगत वाहतात. घराच्या दाराला मुलाच्या हाताच्या वर कडी लावा. विहिरीवर जाळी किंवा कठडा करून घ्या, शेततळ्याला कुंपण घाला. शेजारी, किराणा दुकानदार, रिक्षा स्टँडवरची माणसं यांना मूल दाखवून ठेवा: हे एकटं दिसलं तर थांबवा आणि फोन करा. शर्टाच्या आत फोन नंबर शिवून टाका. मूल हरवलं तर आधी पाण्याच्या जागा बघायच्या, मग बाजार. जमेल तेव्हा पोहायला शिकवा.

कपाशीच्या आणि केळीच्या घरात फवारणीची औषधं असतात. हाताला लागेल ते तोंडात घालणाऱ्या मुलाच्या घरात ती कुलपात हवीत, आणि रिकाम्या बाटल्या दुसऱ्या कशासाठीही वापरायच्या नाहीत.

थेरपिस्ट कसा निवडायचा आणि कशाला फसायचं नाही

स्पीच थेरपिस्ट आणि स्पेशल एज्युकेटर यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारा, चांगला माणूस रागावत नाही. तुम्हाला बाहेर बसवून दार बंद करणाऱ्या सेंटरपेक्षा आत घेऊन 'घरी हे असं करा' असं दाखवणारं सेंटर शंभर पटींनी बरं. महिन्यातून दोनदाच जाता येत असेल तर हे आधीच सांगा आणि घरासाठी काम मागून घ्या, व्हिडिओ पाठवून दुरुस्ती विचारा. मूल तिथे मार खात असेल किंवा खुर्चीला बांधलं जात असेल तर त्याच दिवशी बंद करा.

ऑटिझम 'बरा' करतो असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. मूलपेशी उपचाराचे लाखो रुपये सांगतात, पण ऑटिझमसाठी तो उपचार भारतात मान्य नाही. शरीरातले धातू काढण्याची औषधं जिवावर बेतू शकतात. गहू-दूध बंद करण्याच्या आहाराने ऑटिझम कमी होतो असा भक्कम पुरावा नाही, आणि आधीच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचं त्यात कुपोषण होतं. मानसोपचारतज्ज्ञ कधी कधी तीव्र चिडचिड किंवा स्वतःला इजा करून घेणं कमी व्हावं म्हणून गोळ्या देतात. त्या ऑटिझमच्या नसतात, पण गरज असेल तर घ्याव्यात आणि मनाने बंद करू नयेत. देवाला नवस बोलायचा असेल तर बोला. भगताने मुलाला धूर, चटका, उपास सांगितला तर मात्र तिथून उठून या.

घरातली माणसं

थोरल्या-धाकट्या भावंडांना खरं सांगा, त्यांच्या वयाच्या भाषेत. त्यांना सतत 'तू समजून घे' म्हणू नका, आठवड्यातून थोडा वेळ फक्त त्यांचा ठेवा. आजोबांना एक ठरावीक काम द्या, रोज संध्याकाळी झोक्यावर नेण्याचं म्हणा. काम मिळालं की सल्ले कमी होतात. आणि आईला स्वतःला झोप येईनाशी झाली, रडू थांबेना, तर 14416 हा टेली मानसचा मोफत सरकारी क्रमांक आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

शाळा

अंगणवाडीत नाव घालाच. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ऑटिझमची नोंद आहे, आणि त्या कायद्याप्रमाणे 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा निवडीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. कोणी नाही म्हटलं तर तोंडी भांडू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलवा.

बाईंना किंवा सरांना एका पानावर लिहून द्या: काय आवडतं, कशाने घाबरतो, लघवी लागली की काय करतो, शांत कसा होतो. पुढचा बाक, पंख्याखाली नाही, खिडकीजवळ नाही. पहिल्या आठवड्यात तासभरच बसवा आणि चांगलं चाललेलं असतानाच घरी आणा. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यांचे अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेमार्फत करावे लागतात.

सगळ्या मुलांना साधी शाळा झेपते असं नाही. विशेष शाळा निवडली तर तुम्ही हार मानली असं होत नाही. मूल कुठे शिकतंय ते बघा, पाटी कुठली आहे ते नको.

कागद

आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, मग ठरलेल्या दिवशी जिल्हा रुग्णालयातल्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या दिव्यांग मंडळापुढे तपासणी. आधार, फोटो, राहण्याचा पुरावा आणि आत्तापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या एका फाइलीत ठेवा, प्रत्येकीची झेरॉक्स वेगळी. मुलाच्या झोपेच्या वेळेची तारीख आली तर बदलून मागा. लहान वयात मिळणारं प्रमाणपत्र तात्पुरतं असतं, मुदत संपण्याआधी पुन्हा तपासणी करून घ्यायची. 'शिक्का बसेल' या भीतीने कार्ड न काढणारी घरं मी बघितली आहेत. कार्ड तुमच्या कपाटात राहतं, दाखवायचं कुठे ते तुम्ही ठरवता.

त्या कार्डावर पुढचं उघडतं. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत खर्च देते, त्यात ओपीडी आणि थेरपीही येते, आणि आधी वैद्यकीय चाचणी लागत नाही. उत्पन्न कमी असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा. ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, ग्रामसभेत उभं राहून विचारा. एसटीच्या भाड्यात सवलत आहे. नोकरदार पालकांना जुन्या करप्रणालीत कलम 80 डीडीखाली 75,000 रुपयांची, आणि दिव्यांगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000 रुपयांची वजावट मिळते.

पुढचं आत्ताच

मूल बारा-तेराचं झालं की शरीर बदलतं. पाळी, दाढी, कुठे कपडे बदलायचे, कोणी कुठे हात लावायचा नाही, हे सगळं फोटोंनी आणि सरावाने त्याआधीच शिकवायला घ्या. न बोलणाऱ्या मुलांचा गैरफायदा घेतला जातो, आणि घेणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. हातांना कामही तेव्हापासूनच द्या: भांडी मांडणं, शेंगा निवडणं, गोठ्यात पाणी भरणं, पिशव्यांत रोपं लावणं. ज्या कामात क्रम ठरलेला असतो ते या मुलांना फार छान जमतं.

आणि अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याच्या नजरेत तुम्ही आपोआप पालक राहत नाही. बँकेचं खातं, जमिनीच्या उताऱ्यावरचं नाव, ऑपरेशनची सही, सगळीकडे हे आडवं येतं. ज्या मुलाला हे निर्णय स्वतः घेणं जमणार नाही, त्याच्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. आईबाप दोघं मिळून अर्ज करू शकतात. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या नावावरच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि पुढे दर वर्षी हिशेब. शेतजमिनीची वाटणी व्हायची असेल तर हा अर्ज आधी करा, मग तलाठ्याकडे जा.